वडाच्या खाचरातलं नवं

कोणी पत्ता विचारला की आम्ही सोसायटीचं नाव, विंग, मजला असं सांगतो. कमळूकाका खाचराचं नाव सांगायचे. बदलापूरच्या बेलवलीतली आमची सोसायटी त्यांच्या शेतावर उभी आहे. बांध घालून भातशेतीचे जे तुकडे पाडतात, ती खाचरं, आणि त्यांच्या घरात प्रत्येक खाचराला नाव होतं. त्यामुळे ए विंगचे लोक बोरीच्या खाचरात राहायचे, पार्किंग म्हणजे चिंचोळं खाचर, आणि आम्ही बी विंगवाले वडाच्या खाचरात. यातला वडही कधीचाच गेला होता आणि खाचरही. काकांच्या हिशेबी त्याने काही फरक पडत नव्हता.

आमचं सामान घेऊन टेम्पो आला त्या दिवशी ते गेटपाशी उभे होते. उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट, खाली लुंगी आणि गळ्यात चांगली जाड चेन. कपाट उतरताना त्यांनी ते आपलंच असल्यासारखं नीट पाहून घेतलं आणि मला विचारलं, "कंचा खाचर घेतलाव?" मला काहीच कळेना. मी म्हटलं, चौथा मजला, बी विंग. त्यांनी मान वर करून इमारतीकडे पाहिलं. "म्हंजे वडाचा. बरा हाय. पानी कदी तुटाचा नाय." दोन दिवस नळाला पाणी नाही असं वॉचमन मला नुकतंच सांगून गेला होता. ते मी काकांना ऐकवलं. "नलाचा नाय, जमिनीचा सांगताव," ते म्हणाले आणि निघून गेले.

तेव्हापासून मी त्यांचा 'पाव्हनं' झालो. मीच काय, सोसायटीत फ्लॅट घेतलेला प्रत्येक माणूस त्यांचा पाव्हना होता. मी अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात होतो, तिथून निवृत्त झालो, मुलीचं लग्न झालं, तरी मी पाहुणाच. त्यात टोमणा नव्हता आणि फार प्रेमही नव्हतं. आपल्या शेतात राहायला आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं, एवढाच तो प्रश्न होता. जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते आणि हिराकाकी राहायचे. थोरला मुलगा नोकरीनिमित्त पनवेलला. धाकटा त्यांच्याबरोबरच राहायचा; त्याचा जेसीबी होता. आमच्या इमारतीसाठी शेतावर मुरमाचा भराव पडला तो याच धाकट्याच्या जेसीबीने. काका हे स्वतःच सांगायचे, आणि सांगताना मुलाचं काम चोख असल्याचं न विसरता जोडायचे.

पुण्याहून माझा मावसभाऊ एकदा जूनमध्ये राहायला आला होता. सकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?" मी अंबरनाथच्या शिवमंदिराचं नाव घेतलं, बारवी धरणाचं घेतलं, आणि माझी यादी संपली. खाली उतरलो तेव्हा त्याने तोच प्रश्न काकांना केला. काकांनी चप्पल घातली. पुढचे तीन-चार तास आम्ही त्यांच्या मागे फिरत होतो. आधी गावठाणातली भातगिरणी. तिथे त्यांनी मूठभर ताजा कोंडा भावाच्या नाकाशी धरला. "ह्यो वास पुन्यान मिलतो कं?" भाऊ शिंकला. मग बाजार. डोंगरावरून उतरलेल्या ठाकरणी पळसाच्या द्रोणात जांभळं मांडून बसल्या होत्या. काकांनी प्रत्येकीच्या टोपलीतलं एकेक जांभूळ चाखलं, तिसरीकडची घेतली, आणि पहिल्या दोघींना त्यांची का घेतली नाहीत ते सविस्तर सांगितलं. त्या दोघींनीही त्यांना सविस्तरच ऐकवलं. मग उल्हास नदीचा काठ. तिथे म्हशी पाण्यात बसल्या होत्या, तेवढंच. शेवटी गावदेवीच्या देवळाचा कट्टा.

कट्ट्यावर बराच वेळ गेला. भावाने हळूच विचारलं, "आता पुढे काय बघायचं?"

"पुढं काय नाय. बसाचा," काका म्हणाले.

भाऊ वैतागला होता हे मला दिसत होतं. पण तासाभरात त्या कट्ट्यावरून इतकी माणसं गेली आणि प्रत्येकाने थांबून हा कोणाचा पाहुणा, जेवला का, लग्न झालंय का हे इतक्या सहज विचारलं, की तोही पाय वर घेऊन मांडी घालून बसला. एका म्हातारीने ओटीतून काढून त्याला दोन आंबे दिले. परत येताना तो म्हणाला, "हे गाव आहे की शहर, ते कळत नाही रे." मलाही इतकी वर्षं कळलेलं नाही. नगरपालिका आहे, लिफ्ट आहेत, रस्त्याला दुभाजक आहेत आणि संध्याकाळी त्या दुभाजकावरून घरी जाणाऱ्या म्हशी आहेत. मी इथे स्वस्त फ्लॅट मिळाला म्हणून आलो. राहिलो मात्र त्या कट्ट्यासारख्या गोष्टींमुळे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

काका शहाणे वगैरे होते असं मात्र कोणी समजू नये. पावसाचे त्यांचे अंदाज निम्म्याच्या वर चुकायचे. पत्त्यांत ते उघड-उघड लबाडी करायचे आणि पकडले गेले की डोळ्यांना दिसत नाही म्हणायचे. उल्हासनगर फक्त लग्नाचे कपडे घ्यायला जाण्याचं ठिकाण आहे असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते मत ते नेमकं लालवानींसमोर मांडायचे. लालवानी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. उल्हासनगरात त्यांचं पॅंटचं दुकान आहे आणि हवा चांगली म्हणून ते बदलापूरला राहायला आले. दोघांचं रोज वाजायचं. एक दिवस वाजलं नाही तर लालवानी मला विचारायचे, "काकाची तबियत तो ठीक है ना?"

काकांना एकच गोष्ट मनापासून खुपत होती, आणि ती वर्षातून एकदाच, दसऱ्याला वर यायची. आमच्याकडे साताऱ्याला दसरा म्हणजे घट आणि आपट्याची पानं. इथल्या जुन्या घरांत त्या दिवशी दाराला 'नवं' बांधतात. आपल्या शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, त्यांच्याबरोबर आंब्याचं पान, झेंडू, कुर्डूचं फूल, अशी जुडी करून ती चौकटीला लावायची. घरात नवीन धान्य आलं, याची ती खूण. शेत गेल्यापासून काकांच्या दाराला बांधायची जुडी हिराकाकींच्या भावाकडून यायची. त्याची शेती बारवीच्या रस्त्याला अजून आहे. काका ती जुडी बांधायचे, पण दिवसभर दाराकडे पाठ करून बसायचे. एकदा मी ती जुडी पाहून छान आहे असं म्हटलं. "मेव्हन्याचे शेतातला हाय," ते म्हणाले. "दुसऱ्याची गोधडी पांघरून आपली थंडी जाते कं?" थंडी जाते असं माझं मत होतं.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत बागेचा विषय निघाला. बी विंगच्या मागे बिल्डरने बाग म्हणून एक तुकडा सोडला होता. तिथे लॉन दोनदा लावलं आणि दोनदा मेलं, पावसात डबकं साचून डास मात्र व्हायचे. पुन्हा लॉन लावायचं ठरत होतं, इतक्यात मागच्या खुर्चीवरून काका उभे राहिले. सभेत ते बोलल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. "यंदा माना भात लावू द्या तितं," ते म्हणाले.

"काका, गार्डन में चावल?" लालवानी म्हणाले. "लोक हसतील आम्हाला."

"हसू दे की. दसऱ्याला माजे दाराला माज्या हातचा नवा लागल. मंग कापा, लान लावा, काय पन करा."

त्यावर बराच वाद झाला. नवरात्रात देवीचा मंडप त्याच जागेवर पडायचा, तो या वर्षी पार्किंगमध्ये घालायचा असं ठरलं. दसरा झाला की जागा मोकळी करून द्यायची, असंही ठरलं. हे सगळं ठरेपर्यंत जुलै संपला आणि लावणीला उशीर झाला. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काकांना वाकायची मनाई केली होती, ती हिराकाकींना कळू न देता मोडायचा त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात काकी शेजारी उभ्या राहून शिव्या देत होत्या आणि काका वाकून लावत होते. सोसायटीतल्या बायका गॅलरीतून बघत होत्या. माझी बायको मंगल खाली उतरली, पदर खोचून चिखलात गेली. तिने लावलेली रोपं काकांनी सगळी उपटून पुन्हा लावली.

रोपं मेव्हण्याकडून आणली होती, आणि इथेच चूक झाली. भात दोन तऱ्हेचं असतं. हळवं लवकर तयार होतं, पाण्याचा निचरा होणाऱ्या चढाच्या जमिनीत ते लावतात. गरवं उशिरा येतं आणि त्याला पाणी धरून ठेवणारी सखल जमीन लागते. मेव्हण्याकडे दोन्हींची रोपं होती आणि त्याने "दाजी, हलवा न्या" असं सांगितलंही होतं. काकांनी गरवं आणलं. वडाच्या खाचरात त्यांच्या बापाने गरव्याशिवाय दुसरं काही लावलं नव्हतं, म्हणून त्यांनीही लावलं नाही. खाली माती नव्हती, मुरूम होता. पाणी वरवर साचायचं आणि ऊन पडलं की निघून जायचं. मग काका नळाला पाइप लावून ते भरत बसायचे आणि लालवानी टाकीत पाणी किती उरलं ते बघत बसायचे.

घट बसले तेव्हा भात हिरवंगार उभं होतं, पण लोंबीचा पत्ता नव्हता. तोवर अख्ख्या सोसायटीचं लक्ष तिकडे लागलं होतं. सकाळी दूध घेऊन येणारे, मुलांना शाळेच्या बसवर सोडणारे, सगळे मागे चक्कर मारून येत. लालवानी तर दुकानात जाण्याआधी रोज विचारत, "निकला क्या?" काका पानं बाजूला सारून दांड्याला हात लावत आणि मान हलवत.

चूक पहिल्यांदा बोलून दाखवली हिराकाकींनी. त्याही तिथे आल्या, एका रोपाचा दांडा बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, "भरावावर गरवा लावलाव तुमी. अजून पोटरीन हाय ह्यो. दसऱ्याला कसा येल?" पोटरीत म्हणजे लोंबी दांड्याच्या आतच आहे, बाहेर पडायची आहे. काकांनीही तोच दांडा चाचपला. मग म्हणाले, "खाचर तोच हाय असा वाटला माना." मी तिथेच उभा होतो. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाने पहिल्यांदाच, माझ्या देखत तरी, शेत गेल्याचं मान्य केलं होतं.

दसरा आला. मेव्हण्याची जुडी नेहमीसारखी सकाळी आली. काकांनी ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. "देवाला चालल," ते म्हणाले. "दाराला नाय." काकी खूप बोलल्या. सणाच्या दिवशी दार मोकळं ठेवायचं का, लोक काय म्हणतील, माझ्या भावाचा हा मान का. काका खाली येऊन भाताच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाने वर दार पाहिलं होतंच, आणि प्रत्येकाने विचारलंच. काका प्रत्येकाला एकच उत्तर देत होते, "औंदा जरा उशीर हाय."

ठरल्याप्रमाणे दसऱ्यानंतर लालवानी माळ्याला घेऊन आले. माळ्याच्या हातात फावडं होतं. काका खुर्चीवरून उठले नाहीत. फक्त म्हणाले, "पोटरीन हाय. गरवार बाईला कोन घराभायेर कारतं कं?"

लालवानींना गरवार हा शब्द कळला नाही. गरोदर, मी सांगितलं. त्यांनी आधी भाताकडे पाहिलं, मग माळ्याच्या फावड्याकडे. कमिटीतले दोघंजण जागा मोकळी करण्याबद्दल त्यांच्या मागे लागले होते हे मला माहीत होतं. "काका, दिवाली तक," ते शेवटी म्हणाले. "लोकांना मी बघतो. लेकिन दिवाली तक ही हां." माळ्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलं.

काका गेले ते दिवाळीच्या थोडं आधी, दुपारी जेवून आडवे झाले असताना. काकी चार वाजता चहाला उठवायला गेल्या तेव्हा कळलं. अंत्ययात्रेला गावठाण लोटलं होतं. इतकी माणसं त्यांना ओळखत होती याचं सोसायटीला आश्चर्य वाटलं, सोसायटीतली इतकी माणसं आली याचं गावठाणाला.

लोंबी दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी बाहेर पडली. जाण्याआधी काकांना एखादी दिसली होती की नाही, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. वॉचमन म्हणतो, गेले त्या सकाळी ते भातात वाकून बराच वेळ काहीतरी निरखत होते, त्यांनी पाहिलीच असणार. मंगलने हे हिराकाकींना सांगितलं, बरं वाटेल म्हणून. काकी म्हणाल्या, "नाय. बगितली आसती तं खालनं हाक मारली आसती माना." मला त्यांचंच म्हणणं खरं वाटतं. इतकी वर्षं मी त्या हाका ऐकल्या आहेत. साधं वीजबिल आलं तरी चौथ्या मजल्यावर ऐकू यायचं.

दिवाळी झाली, लालवानी जागेबद्दल काही बोलले नाहीत. भात हळूहळू पिवळं झालं. दाणा काही फार भरला नाही, पुष्कळसा पोकळच होता. काकांना जाऊन महिना झाल्यावर एका सकाळी हिराकाकी विळा घेऊन खाली आल्या आणि त्यांनी मंगलला हाक मारली. दोघींनी मिळून सगळं कापलं. काकींच्या मुलाने आंब्याची डहाळी आणून दिली, फुलं लालवानींनी आणवली. काकी पार्किंगमध्ये चटईवर बसून जुड्या बांधत होत्या आणि बायकांना शिकवत होत्या, लोंब्या कुठे धरायच्या, पान कसं दुमडायचं, दोरा किती वेढे घ्यायचा. बांधून झालेली जुडी हातात देताना प्रत्येकीला सांगत होत्या, "त्यांचे हातचा हाय. दाराला लावा."

"अब तो दसरा गेला, आता चालतं का?" लालवानींनी विचारलं.

"भात आता आला, मंग आता," काकी म्हणाल्या.

लालवानींनी आपली जुडी दारावरच्या लिंबू-मिरचीच्या शेजारी बांधली. ती वाकडी झाली म्हणून स्टूल घेऊन पुन्हा सरळ केली. आमची मी बांधली. साताऱ्याच्या माणसाच्या दाराला भाताची लोंबी कशी दिसते ते खाली जाऊन, वर येऊन, दोनदा पाहिलं. संध्याकाळपर्यंत काकांचं दार सोडून दोन्ही विंगमधली सगळी दारं झाली.

मंगलने सगळ्यांत भरलेल्या लोंब्यांची एक जुडी बाजूला ठेवली होती. ती घेऊन आम्ही दोघं पहिल्या मजल्यावर गेलो. काकींनी दार उघडलं, जुडी पाहिली आणि हाताने मागे सारली. घरात माणूस गेलं की वर्षभर तोरण नाही, सण नाही, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. "वरीस होवाचा हाय अजून," त्या म्हणाल्या. "ऱ्हावदे तुमचेकरंच."

आम्ही जुडी घेऊन परत वर आलो. जिना चढताना दोन्ही बाजूंच्या प्रत्येक दारावर कमळूकाकांच्या हातचं नवं होतं. त्यांचं तेवढं एक दार मोकळं होतं.